एक्सरे नॉर्मल म्हणाले, पण दादाची मान मोडलेली होती (माझा अनुभव)

दादाला अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस आहे, खूप वर्षांपासून. मणके एकमेकांना जुळून पाठ आणि मान पूर्ण कडक झालीये, हनुवटी छातीकडे झुकलेली. घरातल्या घरात पाय घसरून पडला, तेही फार जोरात नाही, पण मान वेगळीच दुखतेय म्हणाला. जो माणूस रोज दुखणं सहन करतो तो "हे नेहमीचं नाही" म्हणतोय तर ऐकायला नको का? कॅज्युअल्टीत कोणी ऐकलं नाही आणि माझा राग अजून गेलेला नाही.

आधी तिथले लोक त्याला कडक कॉलर लावून सपाट झोपवायला निघाले. अहो त्याची मान सरळ होतच नाही कित्येक वर्षं, आणि फ्रॅक्चर असेल तर जबरदस्तीने सरळ करताना ते तिथेच उघडणार आणि मज्जारज्जूला धक्का बसणार. डोकं टेकवायला गेले तसा दादा ओरडला, दोन्ही हातांत करंट गेला म्हणाला. मी मधे पडले, डोक्याखाली उशा आणि चादरीच्या घड्या घालायला लावल्या, मान आधी जशी वाकलेली असायची तशीच ठेवून. अँब्युलन्सवाल्यांनाही हेच सांगायचं, उचलायच्या आधी.

मग एक्सरे. "नॉर्मल आहे, जुनंच दुखणं आहे, गोळ्या घ्या, घरी जा." इथेच आमची रात्र गेली आणि दुसऱ्या दिवसाची दुपार झाली. त्या एक्सरेत मानेचा खालचा भाग दिसतच नव्हता, खांदे आडवे आलेले, आणि या आजारात मान जास्त करून तिथेच मोडते, सी५ ते सी७ च्या आसपास, म्हणजे मानेचा पाचवा ते सातवा मणका. त्यात हाडं ठिसूळ आणि जुळलेली, बारीक चीर एक्सरेत लपून जाते. मी सीटी स्कॅन मागत होते तर म्हणे हातपाय हलतायत, चालत आलाय, गरज नाही. पण सुरुवातीला हातपाय चांगले असतात आणि नंतर नुसत्या हलवाहलवीत लुळे पडू शकतात, भीती तर त्याचीच होती! ड्युटी बदलली की नवीन डॉक्टर, परत पहिल्यापासून सगळी कहाणी. शेवटी मी डिस्चार्जवर सही करणार नाही म्हटलं, आणि फाइलमध्ये लिहून द्या की हा आजार माहीत असूनही सीटी केला नाही. तेव्हा कुठे सीटी झाला. सी६-सी७ मधून पुढून मागपर्यंत आरपार फ्रॅक्चर!!

सीटी पूर्ण मणक्याचाच मागा, फक्त मानेचा नको, कारण दुसरीकडेही मोडलेलं असू शकतं. एमआरआय पण झाला, आत रक्त साचून मज्जारज्जू दाबला जातोय का ते त्यात कळतं.

पुढे दुसऱ्या हॉस्पिटलच्या स्पाइन सर्जननी नीट समजावलं. जुळलेले मणके म्हणजे एकच लांब हाड, ते मोडलं की दोन्ही तुकडे तरफेसारखे हलतात, म्हणून नुसत्या कॉलरवर बरेचदा भागत नाही, वर आणि खाली अनेक मणक्यांपर्यंत स्क्रू आणि रॉड घालावे लागतात. ऑपरेशन व्यवस्थित झालं. भूलतज्ज्ञांना मात्र आधीच भेटा, मान मागे जात नाही त्यामुळे दादाला जागं ठेवून कॅमेऱ्याने श्वासनळीत ट्यूब घातली. बायोलॉजिकचं इंजेक्शन (या आजारावरचं, प्रतिकारशक्ती दाबणारं औषध) चालू असेल तर कधी थांबवायचं, परत कधी सुरू करायचं ते संधिवाताच्या डॉक्टरांना विचारा. आणि ऑपरेशननंतर श्वासाचे व्यायाम टाळू देऊ नका, बरगड्या पण कडक असतात, छाती फुलत नाही, न्यूमोनिया पटकन होतो.

हो, एक राहिलंच. पेशंटचा पडण्याआधीचा, बाजूने काढलेला एखादा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. मान मुळात किती वाकलेली होती हे मी तोंडाने सांगून कोणाला पटत नव्हतं, लग्नातला फोटो दाखवल्यावर सर्जनना एका मिनिटात कळलं, आणि तो त्यांनी ऑपरेशनसाठी मागूनही घेतला.