चित्रदर्शन, सहकुटुंब सहपरिवार

जगप्रसिद्ध संग्रहालयात माणूस चित्रे पाहायला जातो आणि बराचसा वेळ इतरांच्या पाठी पाहून परततो. ‘मोनालिसा’ अवघी ७७ बाय ५३ सेंटीमीटरची आहे. तिच्यासमोरच्या गर्दीत लहान मुलाला काही दिसायचे, तर त्याला खांद्यावरच घ्यावे लागते. एखाद्या प्रांताच्या किंवा जिल्ह्याच्या सार्वजनिक कलासंग्रहालयाची गोष्ट वेगळी. तिथे नावाजलेली चित्रे थोडी असतात, पण त्यांच्यासमोर उभे राहायला जागा भरपूर असते, आणि घरची मंडळी बरोबर असताना मला ती जागाच अधिक मोलाची वाटते.

अर्थात, सगळे एकाच दालनात शिरले म्हणून सगळ्यांना एकच दालन दिसते असे नाही. चित्राचा मध्य जमिनीपासून दीडएक मीटरवर, म्हणजे उभ्या प्रौढ माणसाच्या नजरेच्या पातळीला येईल, अशा बेताने चित्रे टांगण्याची पद्धत आहे. पाच वर्षांच्या मुलाचे डोळे मात्र जेमतेम एक मीटर उंचीवर असतात. त्यामुळे आपण एखाद्या उमरावाच्या चेहऱ्यावरचा रुबाब न्याहाळत असतो, तेव्हा मुलासमोर त्याचे जोडे, गालिच्याची किनार आणि पायाशी पेंगणारा कुत्रा असतो. ‘याचा दुसरा कान कुठे गेला?’ असा प्रश्न आला, की मोठ्यांना वाकावेच लागते. वाकल्यावर कळते, की चेहऱ्यावर इतकी मेहनत घेणाऱ्या चित्रकाराने कुत्र्याचा कान दोन फटकाऱ्यांत उरकला आहे, आणि जवळून नुसता तपकिरी डाग वाटणारा तो रंग दोन पावले मागे सरकताच पुन्हा कान होतो. रंगलेपनावरचे व्याख्यान ऐकूनही जे ध्यानात राहिले नसते, ते असे फुकटात पदरात पडते.

आजी-आजोबांची तक्रार उंचीची नसते, उजेडाची असते. कागदावरच्या जलरंगचित्रांसाठी साधारण ५० लक्स इतकाच प्रकाश ठेवतात; तैलचित्रांना २०० लक्सपर्यंत चालतो. उजेडाने होणारे नुकसान साचत जाते आणि एकदा फिका पडलेला रंग मूळपदावर येत नाही, हे त्यामागचे कारण. उलट वय वाढते तसा डोळ्यांना उजेड अधिक लागतो, म्हणजे चित्राच्या दीर्घायुष्यासाठी केलेली तजवीज नेमकी घरातल्या वडीलधाऱ्यांनाच जाचते. मग चित्राशेजारची बारीक अक्षरांतली माहिती वाचायला नातवाला पाचारण केले जाते, आणि नुकताच वाचायला शिकलेला नातू चित्रकाराचे नाव, माध्यम आणि सन अक्षरे जुळवत, सगळ्या दालनाला ऐकू जाईल अशा आवाजात वाचून दाखवतो. याला कोणी गोंगाट म्हणत असेल, तर म्हणू दे.

मुलांची चुळबुळ सुरू झाली, की आपण ती शिस्तीच्या खाती मांडून मोकळे होतो. बॉस्टनच्या कलासंग्रहालयातील बेंजामिन आयव्हज गिलमन यांनी १९१६ साली संग्रहालयात येणाऱ्या थकव्यावर लेख लिहिला, तेव्हा मांडलेल्या वस्तू नीट पाहण्यासाठी एका धडधाकट माणसाला कसे वाकावे, ओणवे व्हावे आणि मान ताणावी लागते, हे छायाचित्रांनिशी दाखवले होते. प्रौढाची ही गत, तर मुलांचे काय? चार-पाच चित्रे मनसोक्त पाहावीत, बाकावर बसावे आणि उरलेली दालने खुशाल सोडून द्यावीत, असे माझे मत आहे. एवढे आलोच आहोत तर सगळे पाहून घेऊ, हा आग्रह बहुधा तिकीट काढणाऱ्याचा असतो, पाहणाऱ्याचा नव्हे.

हात न लावण्याचा नियमही नुसता डोळे वटारून सांगण्यापेक्षा कारणासकट सांगितलेला बरा. बोटांवरचा घाम आणि तेलकटपणा रंगाच्या थरावर राहतो, हे मुलांना स्वतःच्या बोटाचा ठसा काचेवर उमटवून लगेच दाखवता येते. ती काच मात्र घरची असावी.

पुढच्या खेपेला एक अडचण हमखास उभी राहते. कागदावरची चित्रे कायम टांगलेली ठेवत नाहीत. काही महिन्यांनी ती अंधाऱ्या कोठारात हलवून त्यांच्या जागी दुसरी लावतात. आवडते चित्र जागेवर नाही म्हटल्यावर मूल हिरमुसते आणि दालनातल्या कर्मचाऱ्याकडे जाब मागते. चित्र विश्रांतीला गेले आहे, हे उत्तर त्याला आवडत नाही, पण पटते. झोपेची वेळ दुसरेच कोणीतरी ठरवते, याचा अनुभव त्याच्या गाठीशी रोजचाच असतो.