छप्पर नसलेले बावीस खांब

वॉशिंग्टनमध्ये पाच दिवस होतो. चार दिवसांत स्मारकं बघितली, पाय सुजले, संध्याकाळी भाचीकडे वरणभात. लिहायचंय ते पाचव्या सकाळबद्दल.

निघण्याआधी महिनाभर मी एकच फोटो मोबाइलवर मोठा करकरून बघत होते. जॉन प्लंबने १८४६च्या सुमारास काढलेला कॅपिटॉलचा, म्हणजे अमेरिकेच्या संसद भवनाचा, डॅगेरोटाइप. चांदीचा थर दिलेल्या तांब्याच्या पत्र्यावर थेट उमटलेलं चित्र. निगेटिव्ह नाही, म्हणजे ते एकच. हरवलं की संपलं! प्लंबचे असे काही पत्रे १९७२ साली कॅलिफोर्नियातल्या जुन्या बाजारात सापडले आणि लायब्ररी ऑफ काँग्रेसने ते विकत घेतले. कुणी भंगारात दिले असते तर, या विचारानं अजून पोटात कालवतं.

त्या फोटोत घुमट बुटका आहे, लाकडी, वरून तांब्याने मढवलेला. त्याखाली पूर्वेच्या दर्शनी भागाचे खांब, उदबत्तीच्या काडीएवढे. कॅपिटॉलसमोर उभी राहिले तेव्हा यातलं काहीच दिसेना. आताचा लोखंडी घुमट भव्य आहे, पण मला तो जुनाच आवडतो. आजूबाजूला इतकी रेटारेटी होती की नीट बघताही येईना.

मग कळलं, ते खांब आहेत! नवा घुमट एवढा मोठा झाला की खालचे खांब त्याला पेलणार नाहीत असं वाटायचं. १९५८ साली पूर्वेची बाजू पुढे वाढवताना ते काढले. आता त्यातले बावीस राष्ट्रीय अर्बोरेटममध्ये, म्हणजे तिथल्या वृक्षउद्यानात, मोकळ्या कुरणात उभे आहेत. वर छप्पर नाही, नुसतं आभाळ.

सकाळी तिथे आम्ही दोघीच. लिंकन यांनी १८६१ साली शपथ घेतली ती याच खांबांसमोर. मी एकाला हात लावला. व्हर्जिनियाचा वालुकाश्म, जात्याच्या पाळीसारखा खरखरीत. बोटांना बारीक कण लागले. दुसऱ्या हातात मोबाइल, त्यात प्लंबचा फोटो. त्यातल्या काडीवर बोट ठेवलं, मग वर बघितलं. मान पार मागे टाकावी लागली, तेव्हा कुठे शिखरावरची दगडी पानं दिसली.

"मावशी, रडतेस की काय?" भाचीनं विचारलं.

हो, रडत होते.