२७ नंबरचं अक्षर

टर्मिनलवर, म्हणजे टाइप करून संगणकाला हुकूम द्यायच्या त्या साध्या पडद्यावर, एखादी ओळ लाल दिसते, तेव्हा प्रोग्रॅमने पडद्याला वेगळ्या वाटेने काही कळवलेलं नसतं. मजकूर आणि हुकूम एकाच तारेतून, एकाच रांगेत येतात. मधेच संगणकाच्या अक्षरयादीतलं २७ नंबरचं अक्षर येतं. त्याचं नाव एस्केप. ते दिसत नाही. आता पुढचं छापू नकोस, त्याप्रमाणे वाग, एवढंच ते सांगतं. एस्केप, चौकोनी कंस, ३१, एम : इथून पुढे लाल. एस्केप, चौकोनी कंस, २, जे : पडदा साफ. एस्केप, चौकोनी कंस, ५, अर्धविराम, १०, एच : कर्सर पाचव्या ओळीत, दहाव्या रकान्यात. मोजणी चक्क एकपासून. संगणकाच्या दुनियेत असं सरळ मोजणारे थोडेच.

ही पद्धत गचाळ आहे. सांगायचं आणि करायचं एकत्र कालवलं की कधीतरी गोंधळ होणारच. चुकून एखादी चित्राची फाइल टर्मिनलवर ओतून पाहावी. तिच्या बाइटांमध्ये योगायोगाने अक्षरसंच बदलण्याचा हुकूम सापडतो आणि सगळी छोटी रोमन अक्षरं चौकटींच्या रेघा नि चित्रविचित्र चिन्हं होऊन बसतात. मग न दिसणाऱ्या अक्षरांवर विश्वास ठेवून ‘रीसेट’ टाइप करायचं. पडद्यावर रेघा-चिन्हंच उमटतात, पण संगणकाला शब्द नीट पोहोचतो आणि सगळं ताळ्यावर येतं. मला यात भारी मजा वाटते.

याचं मूळ कागदात आहे. १९६३च्या मॉडेल ३३ टेलिटाइपला, म्हणजे तारेवरून चालणाऱ्या टंकयंत्राला, पडदा नव्हताच. सेकंदाला १० अक्षरं या वेगाने ते कागदावर खडखडत छापायचं. डावीकडे परत जाणं हा एक हुकूम, कागद एक ओळ सरकवणं हा दुसरा. कागद गेला, पडदा आला, तरी पहिला हुकूम टिकून आहे. फाइल उतरवताना एकाच जागी वाढत जाणारे टक्के दिसतात ते त्याच्याच जोरावर : ओळीच्या सुरुवातीला जा आणि जुन्यावर नवं छाप. तेच आउटपुट फाइलमध्ये वळवलं, तर सगळे टक्के एकाला एक चिकटून आत पडलेले असतात.

पडदे आले तेव्हा प्रत्येक कंपनीची बोली निराळी होती. व्हीटी ५२ या टर्मिनलला कर्सरची जागा सांगायची तर एस्केप, वाय आणि मग ओळ-रकान्याच्या आकड्यांत ३२ मिळवून होणारी दोन अक्षरं. एडीएम-३ए या दुसऱ्या टर्मिनलला वायच्या जागी बरोबरचं चिन्ह लागे. या बोलींचा हिशोब ठेवायला अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात बिल जॉय या प्रोग्रॅमरने टर्मकॅप लिहिलं : कुठल्या टर्मिनलला काय म्हणायचं याची वही. त्याच्याच व्हीआय एडिटरमध्ये कर्सर एच, जे, के, एल या कळांनी हलतो, कारण त्याच्या एडीएम-३एवर बाण त्याच कळांवर छापलेले होते. पुढे १९७८मध्ये डेक कंपनीचं व्हीटी १०० आलं, आत इंटेलची ८०८० चिप घेऊन. नव्याने ठरत असलेल्या प्रमाणभाषेत ते बोलायचं, आणि इतकं खपलं की बाकीचे त्याचीच नक्कल करू लागले. ते यंत्र आता संग्रहालयात गेलं, पण खिडकीतली आपली टर्मिनलं अजून आपण व्हीटी १००चे वंशज असल्यासारखी वागतात. विंडोज १०च्या कन्सोलनेही पुढे ही भाषा आपलीशी केली.

कर्सर कुठे आहे हे विचारताही येतं : एस्केप, चौकोनी कंस, ६, एन. पण उत्तर येतं कीबोर्डच्या वाटेने! टर्मिनल ओळ-रकान्याचे आकडे असे पाठवतं, जणू कुणी बोटांनीच टाइप केले. प्रोग्रॅम गाफील असला तर ते आकडे तुमच्या पुढच्या कमांडमध्ये घुसतात.

हे सगळं मराठीपाशी येऊन अडखळतं. प्रत्येक अक्षराला एक चौकट, हा या व्यवस्थेचा पाया. आपल्या लिपीला चौकट ठाऊक नाही. बहुतेक टर्मिनलांच्या हिशोबात उकार आणि मात्रा फुकट राहतात, काना आणि वेलांटीला मात्र पुरत्या चौकटीचं भाडं पडतं. ‘स्त्री’ लिहा : स, त, र आणि दीर्घ वेलांटी मिळून चार चौकटी, दोन्ही पायमोडे फुकट. फॉन्ट मात्र ते सगळं आवळून जेमतेम दोन चौकटींत बसवतो. मग एक तर मधे भोक पडतं, नाहीतर कर्सर अक्षरापासून लांब उभा राहतो. बॅकस्पेस दाबावा एका ठिकाणी, खोडलं जातं भलतंच. मराठी नावांच्या फायलींची यादी मागवली की रकाने दातेरी होतात.

काही टर्मिनलं आता जोडाक्षर एकसंध मोजू लागली आहेत. ऐकायला बरं वाटतं, पण कर्सर कुठे आहे याचा अंदाज आत चालणारा एडिटरही स्वतः बांधत असतो. टर्मिनल नव्या हिशोबाने आणि एडिटर जुन्या हिशोबाने चालला, तर घोळ तसाच राहतो, फक्त दुसऱ्या बाजूला सरकतो. मधे एखादं दूरचं सर्व्हर असलं की तिसरा हिशोबनीस येतो. तिघांचं एकमत होईपर्यंत मी फायलींना नावं रोमनमध्येच देणार; आतला मजकूर मराठी.