आमची वाटचाल - श्रीखंडावरची बुरशी आणि विरजणातले राखणदार

कराडजवळ आमची छोटी डेअरी आहे, दिवसाला साधारण ३०० लिटर म्हशीचं दूध, त्याचं दही, चक्का, श्रीखंड. सुरुवात आईच्या स्वयंपाकघरातून झाली, पाडवा आणि दसऱ्याला ओळखीचे लोक किलो-दोन किलो सांगायचे, मग दुकानदार मागायला लागले, मग शेड झालं. पहिली दोन वर्षं छान गेली आणि तिसऱ्या वर्षी श्रावणात रिटर्न माल सुरू झाला. डब्याचं झाकण उघडलं की कडेला हिरवा ठिपका. काही डबे फुगलेले, वास आंबूस दारूसारखा, ते यीस्टचं काम. एका दुकानदाराने सगळ्यांसमोर डबा माझ्या हातात दिला, त्या दिवशी रात्रभर झोप आली नाही.

आम्हाला वाटायचं दूधच खराब येतंय. पण दही लावायच्या आधी दूध ९० डिग्रीला तापवतो, त्यात बुरशी टिकत नाही. ती येते नंतर, हवेतून, चक्का टांगायच्या मलमलच्या फडक्यातून, उघड्या ठेवलेल्या डब्यांतून, वेलचीपुडीतून. आणि बुरशीला आंबटपणाचं काहीच वाटत नाही, इतर जंतू जिथे मान टाकतात तिथे ही आरामात वाढते, वरून दुकानदार रात्री फ्रिज बंद करणार.

पोटॅशियम सॉर्बेट, म्हणजे बुरशी रोखणारं प्रिझर्वेटिव्ह, घाला असं खूप जणांनी सांगितलं. नियमात राहून वापरणाऱ्यांना मी नावं ठेवत नाही, पण आई म्हणाली, दही-साखर-वेलची सोडून डब्यावर दुसरं काही लिहायचं नाही. तिथेच विषय संपला.

रस्ता दाखवला भाच्याने, तो डेअरी टेक्नॉलॉजी शिकलाय. म्हणाला मामा, राखणदार कल्चर मिळतं, म्हणजे बुरशी रोखणारे जिवंत जिवाणू, लॅक्टोबॅसिलस ऱ्हॅम्नोसस, पॅराकेसाय अशा जातींचे, नेहमीच्या विरजणासोबतच दुधात टाकायचं. मला आधी वाटलं हे जिवाणू बुरशीला मारणारं काहीतरी सोडत असतील. थोडं तसंही असतं, डायसिटिल (लोण्यासारख्या वासाचा पदार्थ) वगैरे बनतं, पण मोठं काम वेगळंच आहे आणि मला ते फार आवडलं. बुरशीला वाढायला मँगनीज हे खनिज लागतं, दुधात ते अगदी नखभर असतं, आणि हे लॅक्टोबॅसिलस ते सगळं आधीच ओढून आपल्या पोटात ठेवतात, बुरशी येते तेव्हा तिच्या वाट्याला काही उरतच नाही. डेन्मार्कमधल्या संशोधकांनी २०२० मध्ये हे दाखवलं, त्याच दह्यात वरून मँगनीज घातलं की बुरशी पुन्हा वाढायला लागली. म्हणजे पंगतीत आधी बसून ताटं रिकामी करायची, एवढंच.

अडचणी भरपूर आल्या. या कल्चरचे पाऊच मोठ्या डेअरीच्या हिशोबाने येतात, एकदा उघडलं की दमट हवेत खराब, आणि ठेवायचं उणे १८ डिग्रीत, त्यासाठी वेगळा डीप फ्रीजर घ्यावा लागला. पैसे वाचवायला मी कालचंच दही आजचं विरजण म्हणून वापरून पाहिलं, तर दोन-चार फेऱ्यांत परिणाम गेला, कारण विरजणातले वेगाने वाढणारे जिवाणू पुढे जातात आणि आपले राखणदार मागे पडतात. आता दरवेळी पाऊचमधूनच.

दह्याच्या कपांना लगेच फरक दिसला, आधी आठव्या दिवशी ठिपके यायचे ते आता पंधरा दिवस येत नाहीत. पण मग आम्ही निर्धास्त झालो आणि फडकी उकळायचा कंटाळा केला, आणि पुढच्याच महिन्यात परत बुरशी. बीजाणूंचा, म्हणजे बुरशीच्या बारीक बियांचा, लोंढाच आला तर हे जिवाणू तरी काय करणार. आता फडकी रोज २० मिनिटं उकळतात, पॅकिंगच्या खोलीत पंखा नाही, भिंतीवर ओल दिसली की काम थांबतं.

एक गोष्ट मात्र बरेच दिवस कळत नव्हती. केशर श्रीखंड टिकायचं आणि वेलचीचं दोन-तीन दिवस आधी जायचं, एकच चक्का, एकच साखर. भाच्याने सांगितलं वेलचीत मँगनीज भरपूर असतं, दुधाच्या मानाने कितीतरी पट. म्हणजे बहुतेक आपणच चमच्याने बुरशीला ताट वाढत होतो, शिवाय पुडीत बीजाणू असतील ते वेगळेच. आता दाणे थोड्या तुपात परतून कुटतो आणि वेलचीच्या डब्यावर कमी दिवसांची तारीख टाकतो. येत्या पाडव्याला वेलची कमी आणि जायफळ जरा जास्त असा एक घाणा वेगळा काढणार आहे, आईला चव पटली तर.