१४ ग्रॅमच्या स्क्रूसाठी २३ दिवस

टंगस्टनचा एक स्क्रू परदेशातून मागवला होता. वजन १४ ग्रॅम. मुंबईत उतरल्यापासून रेवदंड्याजवळच्या आमच्या गावात पोचायला त्याला २३ दिवस लागले. अजून आठवलं की संताप होतो.

स्क्रू कशाला, ते सांगतो. माझा ड्रायव्हर, म्हणजे गोल्फमध्ये लांब फटक्याला वापरतात तो क्लब, ४५.७५ इंचांचा, दुकानातून आणला तसाच. शाफ्ट (दांडा) लांब असला की हेड (टोकाचं डोकं) जोरात फिरतं, हे खरंच आहे. पण चेंडूला तो वेग मिळतो फटका क्लबफेसच्या, म्हणजे हेडच्या चेंडूला लागणाऱ्या बाजूच्या, मध्यावर बसला तर. मित्राचं रडार आणून वाडीत मोजलं. सुपारीच्या झाडांना जाळं बांधलं होतं. (बारीक आसाचंच घ्या. गोल्फचा चेंडू जेमतेम ४३ मिलिमीटरचा, माझा पहिलाच आरपार विहिरीकडे गेला.) हेडचा वेग सरासरी ताशी ९४ मैल, चेंडूचा १३१. भागाकार १.३९. नीट बसलेल्या फटक्याला हाच आकडा दीडच्या जवळ जातो. फेसवर टाल्कम पावडर मारून पाहिलं, तर ठसे एक इकडे, एक तिकडे, मध्यावर जवळजवळ नाहीच.

म्हणून शाफ्ट इंचभर कापून घेतला. ते काम अर्ध्या तासात झालं.

पण लांबी कमी झाली की हातात हेड हलकं लागतं. फिरवताना हेड किती जड लागतं त्याचं माप म्हणजे स्विंगवेट. अर्ध्या इंचाला त्याचे साधारण तीन पॉइंट जातात आणि हेडमध्ये २ ग्रॅम घातले की एक पॉइंट परत येतो. माझे सहा गेले होते, म्हणजे १२ ग्रॅम हवे होते. हेडमधला मूळ स्क्रू २ ग्रॅमचा. त्याच्या जागी १४चा.

इथून छळ सुरू झाला. कुरिअरच्या कार्यालयातून मेसेज आला: केवायसी अपूर्ण. आधार पाठवलं. त्यावर पत्ता रत्नागिरीचा, पार्सलवर गावचा. नामंजूर. वीजबिल पाठवलं. घर अजून आजोबांच्या नावावर, कोकणात निम्म्या घरांचं तसंच असतं, आणि आजोबांना जाऊन एकोणीस वर्षं झाली. नामंजूर. फोन केला तर म्हणे, "रस्त्याचं नाव आणि फ्लॅट नंबर द्या." मी म्हटलं, "मॅडम, रस्ता नाही, पाखाडी आहे. घर क्रमांक ग्रामपंचायतीचा आहे, तोच दिलाय." फोन होल्डवर गेला आणि तिथेच तुटला. शेवटी ग्रामपंचायतीतून रहिवासी दाखला काढला आणि स्कॅन करून पाठवला. चार दिवस काहीच नाही. मग कळलं की दाखला मराठीत आहे, इंग्रजीत हवा. मुंबईत, महाराष्ट्राच्या राजधानीत बसून हे सांगतात!

तो प्रश्न सुटला तर बिलावरून अडलं. विकणाऱ्याने वस्तूच्या रकान्यात नुसतं 'वेट' लिहिलं होतं. यांना वाटलं, वजनाचा आकडा चुकून तिकडे पडलाय आणि वस्तूचं नाव राहिलंय. हेडचा फोटो, स्क्रूचा फोटो, वर बाण काढून 'हा भाग इथे बसतो' असं पत्र, सगळं तीनदा पाठवलं. दर वेळी नवा माणूस, दर वेळी पहिल्यापासून. आणि हे चालू असताना गोदामभाडं रोज चढत होतं. शेवटी ते स्क्रूच्या किमतीपेक्षा जास्त झालं आणि मी ते भरलं. तुम्ही मागवणार असाल तर विकणाऱ्याला आधीच सांगा: बिलावर 'गोल्फ क्लबचा सुटा भाग' असं स्पष्ट लिही आणि ९५०६३९ हा कस्टमचा कोड घाल. केवायसी पार्सल निघायच्या आधी करून ठेवा.

वाट बघण्यात माझे दोन आठवडे फुकट गेले. मग शेजारच्या नाखवांच्या ओटीवर पाग (मासे धरायचं फेकजाळं) दुरुस्त होताना पाहिला आणि त्याच्या कडेचं शिसं डोळ्यांत भरलं. दोन गोळ्या मागून घेतल्या, पाट्यावर ठोकून पातळ पट्टी केली आणि सोनाराच्या काट्यावर तोलली. १३.४ ग्रॅम. कातरीने कोपरा कापला, १२.० झाली. हेडच्या तळाला मागच्या बाजूस चिकट टेपने घट्ट बसवली. तेवढ्यावर काम भागलं! हे पहिल्याच दिवशी सुचायला हवं होतं. शिसं हाताळल्यावर हात साबणाने धुवा, कानशीने घासू नका. आणि जे काही लावायचं ते फेरी सुरू होण्याआधी. मधेच वजन बदललेलं नियमात बसत नाही.

पुन्हा मोजलं. हेड ९४वरून ९२वर उतरलं, चेंडू १३१वरून १३४वर चढला. हेडचा वेग तेवढाच राहिला असता तर १२ ग्रॅमनी चेंडूला जेमतेम एक टक्का दिला असता. बाकीची कमाई मध्यावर बसलेल्या फटक्यांची. पावडरीतले ठसे आता रुपयाएवढ्या जागेत येतात. ते पाहून मी आईला हाक मारून अंगणात बोलावलं होतं.

स्क्रू आला तेव्हा पट्टी काढून तो बसवला. आकडे तेच आले.

एक सांगायचं राहिलं. शाफ्ट ग्रिपच्या, म्हणजे मुठीच्या, टोकाकडूनच कापून घ्या. हेडकडून कापला तर तो ताठ होतो आणि मग मोजलेल्या आकड्यांचा काही मेळ लागत नाही. आणि आधी कापूच नका. ग्रिप इंचभर खाली धरून शंभर चेंडू मारा, पावडर लावून. ठसे मध्याकडे सरकले तरच करवत हातात घ्या.