साखरपुड्याची अंगठी आणि आजीचे दागिने: विमा उतरवतानाचा माझा अनुभव

साखरपुड्याची अंगठी घेतली तेव्हा सराफांनी पावतीबरोबर वर्षभराच्या मोफत विम्याचे एक पत्रकही दिले होते. घरी आल्यावर ते सावकाश वाचले, तेव्हा लक्षात आले की आग आणि घरफोडी यांचा त्यात समावेश आहे, मात्र अंगठी बोटातून निसटून हरवली, कुठे विसरली किंवा तिच्यातला हिरा गळून पडला, तर काहीही मिळणार नाही. रोज बोटात राहणाऱ्या वस्तूला नेमका हाच धोका सर्वांत मोठा असल्यामुळे आम्ही स्वतंत्र विम्याची चौकशी सुरू केली. आईकडे असलेले आजीचे दागिनेही लग्नात माझ्याकडे येणार होते, म्हणून ते त्याच वेळी विम्यात घ्यावेत असे ठरले.

आपल्याकडे दागिन्यांचा विमा बहुधा घराच्या विम्याचा एक भाग म्हणून मिळतो. १ एप्रिल २०२१ पासून सर्व सामान्य विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ ही प्रमाणित पॉलिसी देणे बंधनकारक आहे, त्यामुळे सुरुवात तिच्यापासून केली. इमारतीचा विमा घेतल्यास घरातील सर्वसाधारण सामानाला इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्क्यांपर्यंत, कमाल १० लाख रुपयांचे संरक्षण त्यात आपोआप मिळते. दागिने या ‘सामानात’ धरले जात नाहीत. दागिने, चांदीची भांडी, चित्रे अशा मौल्यवान वस्तूंसाठी वेगळा पर्याय निवडून वेगळा हप्ता भरावा लागतो. या पर्यायाची चांगली बाजू अशी की वस्तूची किंमत कंपनी आणि ग्राहक यांच्यात आधीच ठरते. शिवाय एकूण रक्कम ५ लाखांच्या आणि प्रत्येक वस्तू १ लाखाच्या आत असेल तर मूल्यांकनाचे प्रमाणपत्रही मागितले जात नाही. मर्यादा मात्र मोठी आहे. आग, पूर, भूकंप यांसारख्या आपत्तीनंतर सात दिवसांच्या आत त्या आपत्तीमुळे झालेली चोरीच मूळ पॉलिसीत येते. एरवीच्या घरफोडीसाठी जोडीला आणखी एक संरक्षण घ्यावे लागते. सोन्याचे दागिने आगीपेक्षा चोरीतच अधिक जातात, हे लक्षात घेता हा तपशील एजंटने आपणहून सांगायला हवा होता, असे मला वाटते.

घरफोडीच्या कलमातही शब्द नीट पाहावे लागतात. आम्ही पाहिलेल्या मसुद्यात दार, कुलूप किंवा खिडकी तोडून बळजबरीने झालेला प्रवेश ही मुख्य अट होती. घरात राहणाऱ्या किंवा कामाला येणाऱ्या व्यक्तीने केलेली चोरी वगळलेली होती, आणि घर सलग ३० दिवसांहून अधिक काळ बंद राहणार असेल तर कंपनीला आधी कळवणे आवश्यक होते. अंगावरचे दागिने घराबाहेर असतानाही संरक्षित राहावेत, यासाठी ‘ऑल रिस्क’ नावाचे वेगळे कलम असते. त्याचा दर घरातील सामानाच्या दरापेक्षा कितीतरी जास्त असतो, म्हणून सगळे दागिने त्यात घालणे परवडत नाही. मी प्रत्येक कंपनीला तेच चार प्रश्न ईमेलने विचारले: दागिना कसा गेला हेच सांगता आले नाही तर दावा चालेल का, केवळ खडा पडला तर काय, भारताबाहेर संरक्षण आहे का, आणि घडणावळ भरून मिळते का. फोनवर सर्वांनी होकार दिला. लेखी उत्तरे आली तेव्हा पहिल्या दोन प्रश्नांना बहुतेकांचा नकार होता. शेवटी जिने खडा पडण्याचा धोका मान्य केला, तीच कंपनी आम्ही निवडली.

अंगठीची कागदपत्रे सोपी होती. अंगठी १८ कॅरेटची असल्याने आतल्या बाजूला ७५० हा शुद्धतेचा आकडा आणि सहा अक्षर-अंकांचा एचयूआयडी, म्हणजे त्या एका दागिन्याचा स्वतंत्र ओळख क्रमांक, कोरलेला आहे. भारतीय मानक ब्युरोच्या ‘बीआयएस केअर’ या ॲपवर तो टाकला की सराफाची नोंदणी, तपासणी केंद्र आणि शुद्धता दिसते. १ एप्रिल २०२३ पासून या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचे दागिने विकता येत नाहीत, त्यामुळे नव्या खरेदीत ओळख पटवण्याचा प्रश्न फारसा उरत नाही. हिऱ्याच्या प्रमाणपत्राचा क्रमांक त्याच्या कडेवर लेझरने कोरलेला आहे, तो सराफाने भिंगाखाली दाखवला. हिरा खाणीतला की प्रयोगशाळेत तयार केलेला, हे पावतीवर स्पष्ट लिहून घेण्याचा आग्रह मी धरला, कारण दोन्हींच्या किमतीत प्रचंड अंतर आहे.

खरा वेळ गेला तो आजीच्या दागिन्यांना. बोरमाळ, ठुशी, पाटल्या, तोडे आणि तन्मणी यांपैकी कशाचीही पावती नव्हती, म्हणून सरकारमान्य मूल्यांकनकर्त्याकडे जावे लागले. हे मूल्यांकनकर्ते संपत्ती कर कायद्याच्या ३४ एबी कलमाखाली नोंदलेले असतात. तो कर २०१५ च्या अर्थसंकल्पात रद्द झाला, पण नोंदणी चालू आहे आणि विमा कंपन्या ती मानतात. त्या गृहस्थांनी प्रत्येक दागिना आमच्यासमोर तोलला आणि यंत्राखाली ठेवून शुद्धता पाहिली. पाटल्या आणि तोडे भरीव असल्याने पटकन झाले. बोरमाळेचे मणी मात्र आतून लाखेने भरलेले असल्यामुळे तिचे एकूण वजन आणि सोन्याचे निव्वळ वजन यांत बरीच तफावत निघाली. ठुशीचेही तसेच झाले. यंत्र पृष्ठभागाचीच शुद्धता सांगते, हे त्यांनी स्वतःहून सांगितले आणि प्रमाणपत्रातही तशी नोंद केली, याचे मला विशेष कौतुक वाटले. तन्मणीच्या मोत्यांवर त्यांनी किंमत लिहिण्यास नकार दिला. मोती नैसर्गिक की कल्चर्ड, म्हणजे माणसाने शिंपल्यात मुद्दाम वाढवलेले, हे क्ष-किरण तपासणीशिवाय खात्रीने सांगता येत नाही, आणि घरात चालत आलेल्या ‘बसऱ्याच्या मोत्यांच्या’ गोष्टीवर आपण सही करणार नाही, असे ते म्हणाले. आईला ते थोडे लागले.

तन्मणी आणि तोडे बँकेच्या लॉकरमध्ये गेले. लॉकर म्हणजेच विमा, असे नातेवाइकांपैकी अनेकांना वाटत होते, म्हणून मी रिझर्व्ह बँकेचे नियम काढून दाखवले: १ जानेवारी २०२२ पासून लागू झालेल्या या नियमांनुसार आग, चोरी, दरोडा, इमारत कोसळणे किंवा कर्मचाऱ्याची फसवणूक यांत बँकेची जबाबदारी लॉकरच्या वार्षिक भाड्याच्या शंभरपटीपुरती आहे. भाडे ३००० रुपये असेल तर ही मर्यादा ३ लाखांची होते. पूर, भूकंप यांत, बँकेचा निष्काळजीपणा नसेल तर, तेवढीही जबाबदारी नाही. त्यामुळे तोडे लॉकरमध्ये असूनही विम्याच्या यादीत ठेवले. आमच्या कंपनीने लॉकरमधील वस्तूंना कमी दर लावला.

पॉलिसी हातात आल्यावर मी यादी ओळीने तपासली. पाटल्यांची नोंद ‘बांगड्या’ अशी झाली होती आणि बोरमाळेसमोर निव्वळ वजनाऐवजी एकूण वजन लिहिले होते. दाव्याच्या वेळी नुकसानीची पाहणी करणारा सर्वेक्षक हीच यादी घेऊन येतो, म्हणून दोन्ही दुरुस्त्या मूल्यांकनाची प्रत जोडून लेखी मागितल्या आणि दुरुस्तीचे पत्र मिळेपर्यंत पाठपुरावा केला. २०२५ मध्ये सोन्याने तोळ्याला लाखाचा टप्पा ओलांडला असल्याने, नूतनीकरणाच्या महिनाभर आधी पाटल्या, ठुशी आणि बोरमाळ यांचे नवे मूल्यांकन करून विमा रक्कम वाढवून घेण्याचे आम्ही ठरवले आहे. तन्मणी सध्या विम्याबाहेर आहे. मोत्यांची तपासणी करून घ्यायची की नाही, हे आई ठरवणार आहे.