सही करू नका, मी येतोय

सप्टेंबरचा सोमवार, सकाळचे साडेअकरा, दादरच्या दुकानात टेबलावर दोन पीसी उघडे पडलेले आणि गिरगावच्या ताईंचा फोन आला. त्यांचं डीटीपीचं काम, लग्नपत्रिका, संस्थांचे अहवाल आणि दरवर्षी एक दिवाळी अंक, आणि गेली बारा वर्षं त्यांचं मशीन मीच बघतोय. म्हणाल्या, "अरे मी ग्रँट रोडला आलेय, हार्ड डिस्क जमा करतेय, वॉरंटीत आहे ना, बिलाची झेरॉक्स चालेल की ओरिजिनल लागेल?" मी विचारलं डिस्कला झालं काय, तर शुक्रवारपासून टक टक आवाज येत होता आणि आज विंडोजच चालू होईना. बॅकअप आहे का विचारल्यावर पलीकडे एकदम शांत. मी बोललो ताई सही करू नका, डिस्क हातात ठेवा, मी येतोय.

शटर अर्धं ओढलं, चर्चगेट स्लो पकडली, पाऊस तर असा की ग्रँट रोडला उतरून सर्व्हिस सेंटरपर्यंत जाईस्तो शर्ट पिळायला आला. फॉर्म भरून झाला होता, फक्त सही बाकी. खाली बारीक अक्षरात लिहिलेलंच होतं की डेटाची जबाबदारी ग्राहकाची. काउंटरवरचा मुलगा सरळ होता, बोलला दादा आम्ही ही डिस्क घेतो आणि बदली दुसरी देतो, आतलं काही परत मिळत नाही. त्याची काहीच चूक नाही. पण लोक वॉरंटी रिपेअर ऐकतात आणि त्यांना वाटतं आपलीच डिस्क दुरुस्त होऊन सगळ्या फायलींसकट घरी येईल, तसं होतच नाही, वॉरंटी त्या डब्याची असते, आत तुम्ही जे ठेवलंय त्याची नाही. ताईंचा चेहरा उतरला. "अरे, अंकाची 140 पानं आहेत त्यात."

मग कळलं की रविवारी रात्री ताईंच्या भाच्याने चेक डिस्क (विंडोजमधलं डिस्क तपासायचं टूल) लावून दिलेली आणि ती रात्रभर टकटकत चालू होती. पोराने मदत म्हणूनच केलं, पण दुखऱ्या डिस्कला ह्याच्याइतकं वाईट काही नाही. आत चकती मिनिटाला 7200 वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला 120 फेऱ्या, आणि वाचणारं हेड तिच्यापासून काही नॅनोमीटर वर तरंगत असतं, आपला एक केस ऐंशी हजार नॅनोमीटरच्या आसपास जाड असतो म्हणजे बघा. हेडला आपण कुठे आहोत ह्या खुणा वाचता आल्या नाहीत की हेड धरणारा आर्म मागे जातो, परत येतो, परत मागे, तीच ती टक टक. चेक डिस्क अशा डिस्कला सगळे सेक्टर, म्हणजे डेटाचे छोटे छोटे कप्पे, वाचायला लावतं आणि वर तिच्यावर लिहितंसुद्धा.

दुकानात आणून डिस्क सरळ मदरबोर्डला लावली, विंडोज न उघडता पेन ड्राइव्हवरून लिनक्स चालू केलं. स्मार्ट रिपोर्टमध्ये, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते त्यात, पेंडिंग म्हणजे वाचता न आलेले सेक्टर अकराशेच्या वर. डीडीरेस्क्यू लावलं, म्हणजे खराब डिस्कची कॉपी काढायचा प्रोग्रॅम, ते आधी चांगला भाग उचलतं, अडलं की सोडून पुढे जातं आणि अवघड जागा शेवटी बघतं, कुठपर्यंत आलो ते फायलीत लिहून ठेवतं. दुपारी तीनला सुरू केलं, वर टेबल फॅन सोडला. पहिली 300 जीबी झरझर आली, मग स्पीड पडला, केबीवर आला, आणि आठच्या सुमारास तो आवाज, टक... टक... टक, मी खुर्चीवरून उठून डिस्कवर बोटं ठेवली, थरथर कळत होती, थांबवू की चालू ठेवू ठरेना. पाऊण मिनिटाने ती सावरली. घरी फोन करून सांगितलं आज येत नाही.

पहाटे चारला एक टीबीपैकी जेमतेम 3 एमबी सोडून सगळं नव्या डिस्कवर. जुनी डिस्क देण्याआधी शून्यं लिहून पुसता येईल तेवढी पुसली, कारण तिच्यात लोकांचे पत्ते, सह्या, आधारच्या कॉप्यासुद्धा होत्या, आणि मग आम्ही दोघं जाऊन ती जमा केली. सील शाबूत, बिल बरोबर, दोन वर्षं चार महिने झालेले, म्हणून तीन वर्षांच्या आत बसलं. बारा दिवसांनी बदली आली, नवीन नाही, कंपनीने तपासून दिलेली, वॉरंटी जुन्याची उरलेलीच. ती आता फक्त बॅकअपला वापरा असं ताईंना सांगितलंय.

पण मंगळवारी सकाळी त्या आल्या तेव्हा एकेक फाइल उघडून बघत होत्या आणि कवितांच्या विभागाची पेजमेकर फाइल, म्हणजे पानं लावलेली फाइल, उघडेना. ते 3 एमबी नेमके तिथे. काही बोलल्या नाहीत, पर्समधून प्रूफची घडी घातलेली पानं काढली, लाल पेनाने सुधारलेली, माझ्या मशीनवर मराठी टायपिंगचं श्रीलिपी आहे का विचारलं आणि काउंटरच्या आत येऊन बसल्या. दुपारी अडीचपर्यंत अकरा कविता परत टाइप झाल्या, मी मधे दोनदा चहा आणला, तो थंडच झाला.